एअर बॅग रोज बसते? नवी बॅग घेण्याआधी हे तपासा

संध्याकाळी दोन्ही बॅगांत ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरले आणि सकाळी पाहिलं तर गाडी डावीकडे दोन बोटं खाली. पुन्हा भरले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ट्रेलर ओढण्यासाठी पिकअपच्या मागच्या पाट्यांना एअर बॅगची (अपघातातली नव्हे, हवा भरून भार पेलणाऱ्या रबरी पिशवीची) जोड दिलेल्या बहुतेकांना हे कधी ना कधी भोगावं लागतं, आणि सगळ्यांना पहिला संशय येतो तो बॅगवर. मलाही आला. डावी बॅग बदलली, तिसऱ्या दिवशी नवी बॅगही तितकीच खाली. मग जुनी बॅग किंचित हवा भरून पाण्याच्या बादलीत धरली, तर एक बुडबुडा निघाला नाही. (मोकळी बॅग किंचितच फुगवायची. वर-खाली काही धरून ठेवणारं नसताना तिच्यात दाब भरणं धोक्याचं आहे.) खरा गुन्हेगार होतं नळीचं टोक. घाईत पकडीने कापलेलं, चपटलेलं.

बॅगचं रबर जाड असतं, आतून कापडी थरांनी मजबूत केलेलं असतं. ते उगाच फुटत नाही. फुटतं तेव्हा बाहेरून घासल्याच्या, भाजल्याच्या किंवा चिमटल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. खूण नसेल तर बॅगवर शेवटी संशय घ्या.

पण त्याही आधी एक प्रश्न सोडवायला हवा: हवा खरंच जाते आहे का?

विचित्र वाटेल, पण गळतीच्या बऱ्याच तक्रारी मोजण्यातच जिरतात. टायरच्या मानाने या बॅगचं पोट फार लहान असतं. टायरला गेज लावताना फुस्स झालं तर फरक कळतही नाही. बॅगच्या बाबतीत तेवढ्याच फुस्समध्ये दोन-चार पीएसआय सहज जातात, आणि गेजला लांब रबरी नळी असेल तर ती नळी भरायलाही बॅगमधलीच हवा लागते. सकाळ-संध्याकाळ मोजून ‘रोज चार पीएसआय उतरतात’ म्हणणारा माणूस ते चार पीएसआय स्वतःच्या हाताने सोडत असतो. म्हणून चाचणीच्या काळात गेजला हात लावू नका. उंची मोजा. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेप धरा, दोन्ही बाजूंचे आकडे लिहून ठेवा.

दुसरा फसवा प्रकार तापमानाचा. दुपारी ३५ अंशांना ६० पीएसआय भरले आणि पहाटे पारा १५ वर आला, तर बॅगचं आकारमान तेच राहिलं असं धरून गेज ५५ च्या आसपास दाखवेल. हिशेब सोपा आहे: वातावरणाचा १४.७ पीएसआय धरून एकूण दाब ७४.७, त्याला २८८ ने गुणा आणि ३०८ ने भागा (१५ आणि ३५ अंशांत २७३ मिळवून आलेले केल्विनचे आकडे), मग १४.७ वजा करा. पाच पीएसआय गेले, आणि एक थेंबही हवा बाहेर पडलेली नाही. दुपारी ते परत येतील. परत आले तर गळती नाही, इतका हा साधा निकाल आहे.

तिसरा प्रकार ट्रेलर जोडण्या-सोडण्याचा. ट्रेलर जोडलेला असताना दाब मोजला, नंतर ट्रेलर सोडला, गाडीचं मागचं अंग वर आलं. बॅग ताणली गेली, आतली जागा वाढली, दाब उतरला. माझ्या गाडीत हा फरक दहा-पंधरा पीएसआयचा असतो. उलट दिशेनेही तेच: रिकाम्या गाडीत भरलेला आकडा ट्रेलर जोडल्यावर चढतो. त्यामुळे वहीत दाब लिहाल तेव्हा गाडी रिकामी होती की भरलेली, हेही लिहा. नुसता आकडा काही सांगत नाही.

आता चाचणी. सपाट जागा, गाडीवर काय भार आहे तो रात्रभर तसाच ठेवायचा, टायरची हवा आधी सारखी करून घ्यायची. (एका बाजूचं टायर मऊ असल्याने गाडी ‘बसलेली’ मी दोनदा पाहिली आहे. एकदा तर माझीच होती.) दोन्ही बॅगांत ६० भरा, उंची लिहा, २४ तास सोडून द्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आधी उंची मोजा आणि मग एकदाच गेज लावा. वेळ तीच असल्याने तापमानाचा घोळ बहुतांशी मिटतो. २४ तासांत दोन-चार पीएसआय उतरले तर मी त्याच्या मागे लागत नाही, कारण त्यातले एक-दोन गेजनेच खाल्लेले असतात. त्याहून जास्त उतरले तर मात्र गळती आहे, आणि ती शोधायची.

शोधण्याआधी तुमच्या नळ्यांची जोडणी कशी आहे ते बघा. काही जण दोन्ही बॅगा एका टीवर (तीन तोंडांच्या जोडावर) आणून एकच व्हॉल्व्ह ठेवतात, काही जण दोन बाजूंना दोन वेगळे व्हॉल्व्ह. टी असेल तर दोन्ही बॅगांत दाब कायम सारखा असतो, गळती कुठेही असली तरी दोन्ही बॅगा एकदमच उतरणार. म्हणजे टी असूनही गाडी एकाच बाजूला बसत असेल तर गळती शोधण्यात वेळ घालवू नका. तिथे भार एका अंगाला आहे, किंवा पाटा तुटला आहे, किंवा त्या बाजूची नळी कुठेतरी मुडपून बंद झाली आहे. जाता जाता सांगतो, ट्रेलर ओढणाऱ्याने टी लावूच नये या मताचा मी आहे. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते तेव्हा त्या बाजूची बॅग दाबली जाते आणि तिच्यातली हवा टीमधून दुसऱ्या बाजूला जाते. ज्या बाजूला आधार हवा तिथूनच तो काढून घेतला जातो. गाडी जास्तच कलते.

नळ्या वेगळ्या असतील तर काम सोपं आहे. दोन्ही बाजूंची हवा पूर्ण सोडा, गाडीवरचा भार उतरवा, आणि व्हॉल्व्हकडून येणाऱ्या नळ्यांची बॅगजवळ अदलाबदल करा. नळी पुरत नसेल तर चाचणीपुरता एक लांब तुकडा जोडून घ्या. पुन्हा भरा, रात्रभर ठेवा. आधी डावी बाजू बसत होती आणि आता उजवी बसली, तर दोष नळीत किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे. अजूनही डावीच बसली तर बॅग किंवा तिच्या तोंडाशी असलेली फिटिंग. एका रात्रीत निम्मा शोध संपतो, साबणाचं पाणीही लागत नाही.

साबणाचं पाणी लागतं ते नेमकी जागा सापडायला. भांडी घासायचा द्रव साबण एक भाग, पाणी चार भाग, फवारणीची बाटली. सुरुवात व्हॉल्व्हपासून करा, कारण तिथे पोचायला गाडीखाली जावं लागत नाही. हा व्हॉल्व्ह टायरसारखाच असतो आणि आतली पिनही तीच. पिनेवर कचरा बसला की बारीक गळती सुरू होते. तोंडावर साबणाचा पडदा धरा आणि दहा सेकंद बघत राहा. पडदा फुगला तर पिन बदला. टोपणाच्या आत रबरी चकती असेल तर टोपण कधीही हरवू नका, धूळ-चिखल अडवणारी तीच एक गोष्ट आहे.

मग बॅगच्या तोंडाची फिटिंग. इथे दोन सांधे असतात आणि लोक एकच बघतात. एक सांधा आट्यांचा, जिथे फिटिंग बॅगच्या पत्र्यात घट्ट केलेली असते. दुसरा नळीचा, जिथे नळी नुसती आत ढकललेली असते. आट्यांतून बुडबुडे आले तर फिटिंग काढा, आटे साफ करा, सीलंट लावून पुन्हा बसवा. पांढरी टेप गुंडाळत असाल तर पहिले दोन आटे मोकळे सोडा. टेपचे तंतू आत गेले की हवेबरोबर प्रवास करतात आणि व्हॉल्व्हच्या पिनेखाली जाऊन अडकतात. बॅगजवळची गळती बंद करायला गेलो आणि व्हॉल्व्हजवळची सुरू झाली, असं त्यातून होतं. आणि पान्याला जोर लावून गळती थांबवायचा मोह टाळा. पितळी फिटिंगला बारीक तडा जातो, तो डोळ्यांना दिसत नाही, साबणालाच दिसतो.

नळीच्या सांध्यावर मात्र जरा थांबतो, कारण माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात गळत्या इथेच निघतात. ढकलून बसणाऱ्या फिटिंगच्या आत एक दातेरी कडी असते आणि तिच्या मागे एक ओ रिंग, म्हणजे गोल रबरी कडं. दाते नळीला निसटू देत नाहीत. हवा अडवण्याचं काम ओ रिंगचं. ती रिंग नळीच्या बाहेरच्या अंगाला घट्ट बसते. म्हणजे नळी गोल हवी, बाहेरून गुळगुळीत हवी, टोक काटकोनात कापलेलं हवं आणि ती रिंगच्या पार आत गेलेली हवी. पकडीने कापली की टोक अंडाकृती होतं. कात्रीने कापली की तिरकं. दोन-तीनदा काढ-घाल केली की दात्यांचे ओरखडे नळीच्या लांबीच्या दिशेने पडतात आणि हवा त्या ओरखड्यांच्या चरीतून ओ रिंगखालून सरकत बाहेर येते. अशी गळती इतकी मंद असते की साबणात बुडबुडे दिसत नाहीत, पाच मिनिटांनी पांढरट फेसाचं एक वळं दिसतं. फवारून लगेच पुढे गेलात तर हुकते. मी फवारतो आणि दुसरं काहीतरी काम काढतो.

इलाज फुकटचा आहे. हवा पूर्ण सोडा. फिटिंगच्या तोंडाशी बाहेर दिसणारी कडी चारही बाजूंनी सारखी दाबून धरा आणि नळी सरळ ओढा. दाब असताना हे करू नका, नळी चाबकासारखी येते. टोकाचे दोन सेंटिमीटर नव्या धारदार ब्लेडने, लाकडी फळीवर ठेवून, एका दाबात काटकोनात कापा. कडेला कापल्याचे कोंब राहिले असतील तर हलकेच काढा. टोकाला पाणी लावून नळी आत ढकला. पहिला अडथळा लागतो ती ओ रिंग. बरेच जण तिथेच थांबतात. अजून जोर लावा, नळी आणखी आत जाऊन टेकते. मग मागे ओढून बघा, हलता कामा नये. आणखी एक: फिटिंगमधून निघाल्यावर नळी निदान बोटभर तरी सरळ जायला हवी. तोंडाशीच वळवली तर ती ओ रिंगच्या एका अंगाला रेटते आणि दुसऱ्या अंगाला फट पडते. उभ्या गाडीत ही फट बंद राहते, अ‍ॅक्सल खाली-वर झाला की उघडते.

त्यावरून चालत्या गाडीतली गळती. रात्रभर उभी असताना काही उतरत नाही, शंभर किलोमीटर ट्रेलर ओढून आलं की वीस पीएसआय गायब. इथे साबणापेक्षा डोळे आणि बोटं जास्त कामाची. गाडीखाली जाऊन नळी टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपा. सायलेन्सरच्या पाइपपासून नळी आणि बॅग दोन्ही किमान १५ सेंटिमीटर दूर हवीत. तेवढी जागा नसेल तर मध्ये उष्णता अडवणारा पत्रा हवाच. भाजलेली नळी चकाकते आणि जरा कडक लागते. चासीच्या धारदार कडेवरून नळी जात असेल तर तिथे रबरी कवच घाला. नळी ब्रेकच्या पाइपला किंवा होजला पट्टीने बांधलेली दिसली तर ताबडतोब सोडवा. त्यात हवेची गळती ही छोटी भानगड आहे. घासून ब्रेकचा होज गेला तर काय, ते सांगायला नको.

बॅग कशाला घासते का हे बघताना ती फुगलेल्या अवस्थेतच बघा. रिकामी असताना चहूबाजूंनी जागा दिसते, ६० पीएसआयला ती फुगून शॉक अ‍ॅब्सॉर्बरला नाहीतर यू बोल्टच्या टोकाला टेकते. चारही बाजूंनी बोट फिरलं पाहिजे. वरची आणि खालची बैठक एका रेषेत नसेल तर बॅग तिरकी फुगते आणि एकाच घडीवर ताण येतो. ब्रॅकेट सैल करून सरकवता येतो तेवढा सरकवा.

आणखी दोन चुका बॅगचं आयुष्य खातात. एक, ट्रेलर नसताना हवा पूर्ण काढून गाडी चालवणं. रिकामी बॅग दुमडते, दोन पत्र्यांच्या मध्ये चिमटली जाते आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच घडीवर दाब बसतो. पाट्यांवर बसणाऱ्या बऱ्याच किटची किमान मर्यादा ५ पीएसआय आणि कमाल १०० असते. मी रिकाम्या गाडीत दहा ठेवतो, म्हणजे थोडे उतरले तरी पाचच्या खाली जायला वेळ लागतो. कॉइल स्प्रिंगच्या पोटात बसणाऱ्या बॅगांची गोष्ट वेगळी, त्यांची कमाल मर्यादा बरीच कमी असते, ३५ च्या आसपास. तिथे शंभरचा आकडा डोक्यात ठेवून भरू नका.

दोन, जॅक. चाक बदलायला चासीला जॅक लावून गाडी उचलली की अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि बॅग तिच्या मर्यादेपलीकडे ताणली जाते. बॅगमध्ये हवा असेल तर ती वरून आणखी रेटते. रबर आणि पत्र्याचा सांधा यातच जातो. जॅक अ‍ॅक्सलखाली लावा. चासीखालीच लावणं भाग असेल तर आधी हवा काढा. पंक्चर काढणाऱ्याला हे आठवणीने सांगावं लागतं, त्याचा हात सवयीने चासीकडेच जातो.

केबिनमधून हवा भरायचा कॉम्प्रेसर बसवला असेल तर संशयितांची यादी लांबते: नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह), टाकीचे सांधे, गेजच्या मागची नळी. त्या जंजाळात शिरण्याआधी बॅगजवळ नळी काढून तिथे तात्पुरता साधा टायरवाला व्हॉल्व्ह लावा आणि रात्रभर ठेवा. बॅग टिकली तर दोष वरच्या यंत्रणेत आहे, मग तिकडे सावकाश बघा. गेजच्या मागची नळी आधी बघा, डॅशबोर्डमागे ती नेहमीच फार जवळून वळवलेली असते. टाकी असेल तर तिच्यातलं पाणी अधूनमधून काढत राहा. कडक थंडीत तेच पाणी व्हॉल्व्हमध्ये गोठतं आणि तो अर्धवट उघडा राहतो.

आता समजा गळती नाहीच. हवा जागेवर आहे, उंची जागेवर आहे, तरी ट्रेलर जोडला की स्टीअरिंग हलकं लागतं, गाडी डुलते, आणि तुम्ही आणखी हवा भरत चालला आहात. ही तक्रार गळतीइतकीच वारंवार येते आणि तिचं कारण हवेत नाही.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडीमागच्या, ट्रेलर जोडायच्या सांध्यावर) यावा असा सर्वसाधारण नियम आहे. समजा तो भार ३०० किलो आहे. हिच मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३.२ मीटर. तरफेच्या हिशेबाने पुढच्या चाकांवरचं ११२ किलो वजन उचललं जातं आणि मागच्या अ‍ॅक्सलवर ३०० नाही, ४१२ किलो वाढतं. एअर बॅग चासी आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्या मध्ये बसते. ती गाडीचं मागचं अंग वर उचलते, पण ते ११२ किलो पुढच्या चाकांवर परत आणू शकत नाही. गाडी सपाट दिसते म्हणून आपण फसतो. टेप घेऊन पुढच्या चाकाची कमान मोजा: एकदा रिकामी गाडी, एकदा ट्रेलर जोडून, एकदा बॅगा भरून. मागची उंची परत येईल, पुढची जवळपास तिथेच राहील. वजन पुढे परत आणतो तो भार वाटून देणारा हिच, त्याच्या स्प्रिंग बारनी. तुमच्या हिचच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. मी आधी बॅगा किमान दाबावर ठेवून बार बसवतो, पुढच्या कमानीची उंची हवी तितकी खाली आली की मग मागे थोडीशीच हवा भरतो. जास्त भरली तर हिच वर उचलला जातो, बारांचा ताण सैल होतो आणि पुढचं वजन पुन्हा मागे जातं. म्हणून हवा भरल्यावर पुढची कमान पुन्हा एकदा मोजायची.

जास्त दाबाची दुसरी खूण मागचं अंग गतिरोधकावर उडणं. दहा पीएसआय कमी करा, आणि फरक पडेपर्यंत पाच-पाचने उतरवत जा.

आणि ब्रेक. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भाराप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. तो चासीवर, आणि त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली. गाडी मागून बसली की तो समजतो भार आहे, आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. आपण बॅगा फुगवून गाडी वर उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते, आणि ट्रेलर मागे असताना मागचा ब्रेक कमी मिळतो. एअर बॅग बसवल्यापासून ब्रेक लावताना गाडी पुढे जास्त वाकते आहे असं वाटत असेल, तर खाली वाकून मागच्या अ‍ॅक्सलजवळ अशी दांडी दिसते का बघा. दिसली तर त्या गाडीच्या ब्रेकची माहिती असलेल्या माणसाकडून ती नव्या उंचीप्रमाणे लावून घ्या, स्वतः वाकवून अंदाजाने बसवू नका. तोवर बॅगांत गाडी सपाट करण्याइतकी हवा भरू नका. मागचं अंग रिकाम्या गाडीपेक्षा थोडं खालीच राहू द्या.

गाडीची भार वाहण्याची मर्यादा बॅग बसवल्याने एका किलोनेही वाढत नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच आहेत. बॅग १०० पीएसआयला नेऊनही मागचं अंग खालीच राहत असेल तर गळती शोधू नका, ट्रेलरचं सामान काट्यावर घाला.